रेंजर, निर्माल्य आणि सगळ्यांची जागा

(मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. नंतरच्या चर्चेत आलेले दोन-तीन मुद्दे योग्य त्या ठिकाणी सामावून घेतले आहेत.)



भारतातून आईवडील आले की यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन दाखवल्याशिवाय त्यांची अमेरिका पुरी होत नाही. तिथे सपाट काठाची टोपी घातलेला रेंजर भेटतो. आपण त्याच्याबरोबर मुलांचा फोटो काढतो, मुलं 'ज्युनिअर रेंजर'चा बिल्ला मिळवतात आणि आपण पुढच्या ठिकाणी जातो. त्यातल्या काही रेंजरांच्या कमरेला पिस्तूल आणि हातकड्या असतात, इकडे आपलं लक्ष क्वचितच जातं. गेलंच तर थोडं बिचकायला होतं. झाडं, धबधबे आणि हरणं असलेल्या जागी पिस्तूल कशाला?

मी स्वतः रेंजर नाही. माझं संशोधन किनाऱ्यालगतच्या पाण्यावर चालतं. उद्यानाच्या हद्दीत नमुने घ्यायचे तर परवाना लागतो आणि तो परवाना तपासणारा माणूस बहुधा रेंजरच असतो. त्या निमित्तानं या लोकांचं काम मला जवळून बघायला मिळालं, कुतूहल वाढलं आणि मी त्यांचा इतिहास वाचायला लागले. त्यातून मनात आलेला एकच प्रश्न आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. जी जागा सगळ्यांची आहे, तिचं रक्षण कोणी करायचं, आणि कशाच्या जोरावर?

नेमकं काम काय?

आधी एक फरक सांगते. राष्ट्रीय उद्यान सेवेत रेंजर दोन प्रकारचे. एक माहिती सांगणारे. ते सहली नेतात, शेकोटीभोवती गोष्टी सांगतात. दुसरे कायद्याची अंमलबजावणी करणारे. गणवेश जवळपास सारखाच, पण या दुसऱ्यांना अटक करण्याचा अधिकार असतो. जॉर्जियातल्या ग्लिन्को इथे केंद्र सरकारची मोठी प्रशिक्षण संस्था आहे, तिथे त्यांचं पोलिसी प्रशिक्षण होतं. याशिवाय युनायटेड स्टेट्स पार्क पोलिस हे वेगळं दल उद्यान सेवेतच आहे. ते मुख्यतः वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांत काम करतं.

यलोस्टोन, योसेमिटीसारख्या काही उद्यानांत फक्त केंद्र सरकारचा कायदा आणि केंद्राचेच पोलिस असतात. तिथे राज्याचा शेरीफ येत नाही. म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला थांबवायचं रेंजरनं, तंबूत बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला पकडायचं रेंजरनं, हरवलेलं मूल शोधायचं रेंजरनं, कड्यावरून पडलेल्याचं प्रेत वर काढायचं रेंजरनं, आणि ती बातमी नातेवाइकांना सांगायचीही त्यानंच. योसेमिटीच्या दरीत स्वतःचं न्यायालय आहे, छोटी कोठडीही आहे. २०२४ साली देशभरातल्या राष्ट्रीय उद्यानांत आणि स्मारकांत मिळून सुमारे ३३ कोटी १९ लाख भेटींची नोंद झाली. हा तोवरचा उच्चांक होता. इतकी माणसं जिथे जातात तिथे माणसांचे सगळे गुणदोषही जातात.

आता यातला वरिष्ठ रेंजर घ्या. त्याला कुठे डिस्ट्रिक्ट रेंजर म्हणतात, कुठे चीफ रेंजर. त्याचं स्वतःचं गस्त घालणं कमी झालेलं असतं. सकाळी कोण कुठल्या रस्त्यावर आहे ते ठरवायचं, रात्रीचे अहवाल वाचायचे, पुरावे नीट ठेवले आहेत का बघायचं. शेजारच्या काउंटीच्या शेरीफशी, सरकारी वकिलाशी आणि उद्यानाच्या अधीक्षकाशी बोलायचं. उन्हाळ्यापुरत्या आलेल्या तरुण रेंजरांना घडवायचं. निदर्शनाचा परवाना मागणाऱ्या गटाला कुठे उभं करायचं, यावर मत द्यायचं. पण या सगळ्यात त्याचं खरं काम एकच, आणि ते नियमावलीत लिहिलेलं नसतं. कुठे दंड करायचा, कुठे समज देऊन सोडायचं आणि कुठे हातकडी काढायची, याचा तारतम्यभाव त्याला आपल्या माणसांत मुरवावा लागतो.

बंदूक कुठून आली?

यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पण त्याला राखणदार नव्हता. १८८० मध्ये हॅरी यौंट नावाच्या शिकाऱ्याला वन्यप्राण्यांचा रक्षक नेमलं. एका माणसाला हे जमणार नाही, यासाठी पथक पाहिजे, असं अहवालात लिहून त्यानं पुढच्या वर्षी नोकरी सोडली. १८८६ मध्ये लष्कराला बोलावलं गेलं, आणि घोडदळ तिथे १९१८ पर्यंत राहिलं. रेंजरची टोपी ही मुळात लष्कराची टोपी आहे.

पण शस्त्र होतं तरी कायदा नव्हता. मार्च १८९४ मध्ये एडगर हॉवेल नावाचा चोरटा शिकारी बर्फात गवे मारताना रंगेहाथ सापडला. त्याला उद्यानाबाहेर हाकलण्यापलीकडे काही करता येईना, कारण शिक्षेची तरतूदच नव्हती. ही बातमी आणि मेलेल्या गव्यांचे फोटो वर्तमानपत्रांत आले आणि मे महिन्यात काँग्रेसनं कायदा केला. तोपर्यंत उशीर झाला होता. १९०२ मध्ये यलोस्टोनच्या रानगव्यांच्या कळपात दोन डझनांहून कमी जनावरं उरली होती. आज तिथे हजारोंनी गवे दिसतात ते त्या उरलेल्या मूठभरांमुळे आणि बाहेरून आणून वाढवलेल्या काहींमुळे. जंगल आपोआप टिकतं असं मानणाऱ्यांनी एवढा एक प्रसंग लक्षात ठेवावा. राखणदार आणि कायदा दोन्ही लागतात.

या लष्करी पर्वातलं एक पान आपल्या मंचाला आवडेल असं आहे. योसेमिटी आणि सेकोया इथे काही उन्हाळे रक्षणाला कृष्णवर्णीय घोडदळाच्या तुकड्या होत्या. १९०३ च्या उन्हाळ्यात कॅप्टन चार्ल्स यंग सेकोयाचे प्रभारी अधीक्षक होते. राष्ट्रीय उद्यानाचा कारभार पाहणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्या माणसांनी महावृक्षांपर्यंतचा रस्ता त्या एका मोसमात पुरा केला. हे यंग गुलामीत जन्मलेले होते. त्यांना ब्रिगेडियर जनरलची पदवी मिळायला २०२२ साल उजाडावं लागलं, म्हणजे मृत्यूनंतर शंभर वर्षं.

आणि दुसरं पान असं की हेच रक्षण माणसांना हाकलण्यासाठीही वापरलं गेलं. यलोस्टोनमध्ये राहणारे शोशोनी लोक १८७९ च्या सुमारास बाहेर काढले गेले. योसेमिटीच्या दरीतली शेवटची इंडियन वस्ती उद्यान सेवेनं १९६९ साली जाळून टाकली. व्हर्जिनियातलं शेनान्डोआ उद्यान करताना डोंगरात राहणाऱ्या शेकडो गरीब कुटुंबांना उठवलं, आणि मग तिथे कृष्णवर्णीयांसाठी लुईस माउंटन हे वेगळं ठिकाण काढलं. १९५० पर्यंत हा भेदभाव पुरता संपला, पण तोवर 'सगळ्यांची जागा' या शब्दांतल्या 'सगळ्यां'त कोण येतं हे गणवेशातला माणूस ठरवत होता.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये इंग्रजांच्या जंगलखात्यानं गुराख्यांची आणि शेतकऱ्यांची चराऊ रानं कशी बंद केली, यावर कोरडे ओढले आहेत. १९३० मध्ये उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, तोही याच प्रश्नावर. म्हणून कोणी "निसर्ग वाचवा" म्हणालं की आपण लगेच टाळ्या वाजवू नयेत. कोणापासून वाचवायचा, आणि तिथे आधीपासून कोण राहत होतं, हे दोन प्रश्न विचारावेत.

१९७० चा उन्हाळा

आजचा रेंजर-पोलिस घडला तो मात्र एका फसलेल्या प्रसंगातून. ४ जुलै १९७० ला योसेमिटीच्या स्टोनमन कुरणात शेकडो तरुण जमले होते. व्हिएतनाम युद्धाचे दिवस, लांब केस, गाणी, गांजा. रेंजरांनी कुरण रिकामं करायचा आदेश दिला. तरुण हटले नाहीत, तेव्हा काही रेंजर घोड्यांवरून त्यांच्या अंगावर गेले. या रेंजरांना जमाव हाताळण्याचं शिक्षणच नव्हतं. दगडफेक झाली, बाहेरून पोलिस बोलवावे लागले, शंभराहून अधिक जणांना अटक झाली.

त्यानंतर दोन मतं पुढे आली. एक म्हणे, रेंजरला पुरता पोलिस करा, शिक्षण द्या, शस्त्र द्या. दुसरं म्हणे, पोलिस केलात तर रेंजर संपला. पहिल्या मताला कारणं होती. १९७३ मध्ये पॉइंट रेयेस इथे केन पॅट्रिक या रेंजरला चोरट्या शिकाऱ्यांनी गोळ्या घातल्या. १९७६ मध्ये काँग्रेसनं कायदा करून ठरावीक रेंजरांना शस्त्र बाळगण्याचा आणि अटकेचा अधिकार स्पष्टपणे दिला.

शस्त्र लागतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २००२ मध्ये ॲरिझोनाच्या सीमेवरच्या ऑर्गन पाइप कॅक्टस उद्यानात क्रिस एगल हा २८ वर्षांचा रेंजर मारला गेला. १ जानेवारी २०१२ ला माउंट रेनिअरमध्ये, बर्फाच्या साखळ्या तपासणारी चौकी न थांबता ओलांडणाऱ्या गाडीला अडवायला मार्गारेट अँडरसन रस्त्यात आपली गाडी आडवी लावून थांबल्या होत्या. गाडीतल्या माणसाकडे बंदुका होत्या. त्या जागीच गेल्या. वरच्या बाजूला बर्फात खेळायला आलेली कुटुंबं होती, तिथवर तो पोचू शकला नाही. त्यांना दोन लहान मुली होत्या, नवराही त्याच उद्यानात रेंजर. त्याच्या दोनच वर्षं आधी, फेब्रुवारी २०१० पासून, उद्यानांत भरलेली बंदूक बाळगायला परवानगी देणारा कायदा अमलात आला होता. ते कलम कशाला जोडलं होतं माहीत आहे? क्रेडिट कार्डांवरच्या सुधारणा विधेयकाला.

पण शस्त्राबरोबर शस्त्राची सवयही येते. नोव्हेंबर २०१७ मध्ये वॉशिंग्टनजवळ बिजान गैसर या २५ वर्षांच्या इराणी-अमेरिकन तरुणाच्या गाडीला मागून धक्का बसला. तो न थांबता निघून गेला. पार्क पोलिसांनी पाठलाग केला आणि दोन अधिकाऱ्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच्याकडे शस्त्र नव्हतं. दहा दिवसांनी तो गेला. हे आपल्याला दिसलं ते शेजारच्या काउंटी पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्यामुळे. पार्क पोलिसांकडे कॅमेरे नव्हते. राज्यानं गुन्हा दाखल केला, पण २०२१ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी तो रद्द केला. अंगावर कॅमेरे लावण्याचं धोरण खात्यानं २०२२ मध्ये जाहीर केलं. १ जून २०२० ला व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकातून निदर्शकांना बळानं पांगवणाऱ्यांतही पार्क पोलिस पुढे होते. तो चौक राष्ट्रीय उद्यानच आहे.

खांद्याला खांदा

मग मधली वाट आहे का? आहे, आणि ती एका प्राध्यापकानं सुंदर मांडली. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या जॉर्ज वॉलेस यांनी १९९० मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की रेंजर नियम मोडणाऱ्याशी दोन अधिकारांनी बोलू शकतो. एक बिल्ल्याचा अधिकार: "हा नियम आहे, दंड भरा." दुसरा निसर्गाचा स्वतःचा अधिकार. बर्फ, गवत, पक्ष्याचं घरटं यांचे काही नियम असतात आणि ते माणसानं केलेले नसतात. चांगला रेंजर बिल्ला बाजूला ठेवून त्या नियमांच्या वतीनं बोलतो.

ते पद्धतही सांगतात. माणसासमोर छाती काढून उभं राहू नका. त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभे राहा, म्हणजे दोघांचीही नजर त्या कुरणाकडे जाईल. काय दिसतंय ते आरोप न करता सांगा. त्याचा परिणाम काय होतो ते सांगा. तुम्हाला काय वाटतं आणि आता काय करता येईल ते सांगा. दंड हा शेवटचा उपाय, आणि तो लागला तर तोही करा.

हे भोळेपणाचं वाटेल, म्हणून एक रोकडा दाखला देते. १९९६ च्या उन्हाळ्यात ग्रँड कॅन्यनमध्ये उष्म्यानं अनेक बळी घेतले. पुढच्या वर्षी उद्यानानं एक उपक्रम सुरू केला. पायवाटेच्या तोंडाशी रेंजर आणि स्वयंसेवक उभे राहतात आणि खाली निघालेल्याला विचारतात: पाणी किती घेतलंय? खाणं आहे का? परत चढून यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागतो, माहीत आहे ना? कोणाला अडवत नाहीत. पण अनेक जण तिथूनच माघारी फिरतात. त्यातला कोण वाचला हे कधीच कळत नाही, कारण न घडलेल्या अपघाताची नोंद होत नाही. अशा कामाचा पगार मागायला गेलं की अंदाजपत्रक करणारे "आकडे कुठे आहेत?" म्हणतात, त्याचं कारण हेच.

जमैका बे आणि आपलं निर्माल्य

आता आपल्या घराजवळ येते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाला लागून जमैका बे ही खाडी आहे. ती १९७२ मध्ये स्थापन झालेल्या गेटवे या राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राचा भाग आहे. पक्ष्यांसाठी ती फार महत्त्वाची जागा. आणि तिथून काही मैलांवर क्वीन्सचं रिचमंड हिल आहे, जिथे गयाना आणि त्रिनिदादहून आलेले हिंदू मोठ्या संख्येनं राहतात. त्यांचे पूर्वज १८३८ पासून गिरमिटिया मजूर म्हणून ऊसमळ्यांवर नेले गेले होते. समुद्र ओलांडून दोनदा परागंदा झालेल्या या लोकांनी त्या खाडीला गंगा मानलं. पूजा करून नारळ, फुलं, फळं, साड्या, मूर्ती, मातीच्या पणत्या ते पाण्यात सोडतात. काही जण अस्थीही.

पण ही खाडी म्हणजे वाहती गंगा नव्हे. तिचं तोंड अरुंद आहे, भरतीनं वर आलेलं पाणी सोडलेल्या वस्तू पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतं. साडीचा पाच-सहा वार नायलॉन चिखलात रुतला की त्यात पक्षी अडकू शकतो. केंद्राच्या नियमावलीत उद्यानात कचरा टाकायला बंदी आहे, आणि अस्थी विसर्जनाला परवाना लागतो. २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं यावर मोठी बातमी दिली, तेव्हा ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना कळली.

आता स्वतःला त्या वरिष्ठ रेंजरच्या जागी ठेवा. दंडाचं पुस्तक तुमच्या खिशात आहे. समोर एक म्हातारी आहे, हातात ताट, डोळे मिटलेले. दंड केलात तर कायदा पाळलात, पण उद्या ती रात्री येईल, आणि तिच्या मोहल्ल्यात "सरकार आपल्या देवाच्या आड येतं" एवढंच पोचेल. सोडून दिलंत तर खाडी मरते. तिथल्या रेंजरांनी पुजाऱ्यांना आणि मंदिरांच्या लोकांना भेटायला सुरुवात केली, पाट्या लावल्या, "पूजा करा, पण आणलेलं परत न्या" असं सांगितलं. तरी गणवेशातल्या गोऱ्या माणसानं सांगणं आणि घरच्यानं सांगणं यात फरक असतोच. तो फरक 'साधना' या पुरोगामी हिंदूंच्या संघटनेनं भरून काढायचा प्रयत्न केला. २०११ मध्ये सुरू झालेल्या या संघटनेनं 'प्रोजेक्ट पृथ्वी' नावानं त्या किनाऱ्यावर सफाई सुरू केली. स्वतः इंडो-कॅरिबियन घरांत वाढलेल्या तरुण मुली हातमोजे घालून ओल्या साड्या ओढून काढत होत्या आणि येणाऱ्या आज्या-मावश्यांशी बोलत होत्या. देवाला फूल वाहा, प्लास्टिक नको. पाण्याला देवी मानता, तर तिच्यात कचरा कसा टाकता?

हे ऐकून कोणाला नरेंद्र दाभोलकर आठवले असतील. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अनंत चतुर्दशीला नदीच्या घाटावर उभे राहून "विसर्जित मूर्ती दान करा, निर्माल्य कुंडात टाका" असं हात जोडून सांगत, तेही असंच खांद्याला खांदा लावून. त्यांच्याकडे बिल्ला नव्हता, शिव्या मात्र भरपूर मिळत. तरी आज महाराष्ट्रातल्या शहरांत कृत्रिम तलाव आणि निर्माल्य कलश ही नेहमीची गोष्ट झाली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्ती विसर्जनाबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये आली. आधी माणसं घाटावर उभी राहिली, मग कागद आला.

आणि एक स्पष्ट बोलते. क्वीन्सच्या या लोकांबद्दल आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत "ते लोक" असा सूर लागतो. आपण टबात विसर्जन करतो म्हणून आपण शहाणे! आपल्याकडे परसदार आहे, टब आहे, गाडी आहे. सार्वजनिक किनारा हीच ज्यांची परसदारची जागा, त्यांचा नियमभंग चारचौघांत दिसतो. आपला दिसत नाही. ड्रोन उडवायला २०१४ पासून बंदी असताना तो उडवणारे, खारीला चिवडा घालणारे, आठवण म्हणून दगड खिशात टाकणारे आपल्यातही आहेत.

आपल्याकडचा रेंजर

महाराष्ट्रात या हुद्द्याला वनक्षेत्रपाल म्हणतात, बोलताना 'रेंजर'च. त्याच्या हाताखाली वनपाल, वनरक्षक. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात वाघांच्या गणनेसाठी पायी निघालेल्या स्वाती ढुमणे या वनरक्षक महिलेला वाघिणीनं मारलं. अमेरिकन रेंजरच्या कमरेचं पिस्तूल बघून आपण बिचकतो, आणि आपल्याकडे एक आई काठीच्या भरवशावर वाघाच्या रानात सरकारी काम करत असते. दोन्हीचा विचार एकत्र करायला हवा. राखणदाराला सुरक्षित ठेवणं आणि राखणदारापासून लोकांना सुरक्षित ठेवणं या एकाच न्यायाच्या दोन बाजू आहेत.

आणि तिसरी शक्यताही महाराष्ट्रानंच दाखवली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे जंगल राखतं ते गाव. इकडेही असे प्रयत्न आहेत. ॲरिझोनातलं कॅन्यन डी शे हे उद्यान नॅव्हाहो लोकांच्याच जमिनीवर, त्यांच्या वस्तीसकट आहे. युटातल्या बेअर्स इअर्स स्मारकासाठी २०२२ मध्ये पाच आदिवासी राष्ट्रांशी सहव्यवस्थापनाचा करार झाला. योसेमिटीत जाळलेल्या वस्तीच्या जागी पुन्हा गाव उभारायला उद्यानानं २०१८ मध्ये मान्यता दिली. जाळल्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी.

आजची काळजी

आता मी हा विषय आजच का निवडला ते सांगते. फेब्रुवारी २०२५ मध्ये उद्यान सेवेतल्या सुमारे एक हजार परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना एका झटक्यात काढण्यात आलं. न्यायालयाच्या आदेशांनंतर अनेकांना परत घेतलं, पण त्याच वर्षी राजीनामा योजनेतून कितीतरी अनुभवी माणसं निघून गेली. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकार ४३ दिवस बंद होतं. तेव्हा अनेक उद्यानं उघडीच ठेवली होती. माहिती सांगणारे घरी, आणि शस्त्रधारी रेंजर कामावर. याआधी २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या बंदमध्ये जोशुआ ट्री उद्यानात गाड्या रानात घातल्या गेल्या, झाडं तोडली गेली. ती झाडं शंभर-शंभर वर्षांची असतात.

दुसरीकडे, उद्यानातल्या पोलिसांना भलत्या कामाला जुंपण्याची सवय वाढते आहे. २०१८ मध्ये इतर उद्यानांतले रेंजर मेक्सिकोच्या सीमेवर धाडले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या केंद्रीय कारवाईत पार्क पोलिसही होते, आणि ती कारवाई स्थलांतरितांच्या धरपकडीशी जोडलेली होती.

या दोन गोष्टी एकत्र ठेवा. समजावून सांगणारी माणसं कमी होत गेली आणि उरलेल्या गणवेशाची ओळख धरपकडीशी जुळली, तर वॉलेसनी सांगितलेलं सगळं कोसळतं. ज्याच्या व्हिसाची मुदत संपत आली आहे, तो मुलाला घेऊन नदीकाठी जाताना रेंजर दिसला की मागे फिरेल. वाट चुकला तरी फोन करणार नाही. खाडीकाठची म्हातारी अंधार पडल्यावर येईल. सगळ्यांची जागा कागदावर सगळ्यांची राहील, पण प्रत्यक्षात ज्यांना गणवेशाचं भय नाही त्यांचीच उरेल. शेनान्डोआत पाटी लावून जे केलं होतं, ते पाटीशिवाय होईल.

म्हणून चार साध्या गोष्टी सुचवते. एक, आपल्या गणेशोत्सवाच्या आणि सहलींच्या आयोजकांनी जवळच्या उद्यानाच्या रेंजरला आधी भेटावं. नियम समजून घ्यावेत आणि ते मराठीत, हिंदीत, गुजरातीत आपणच लिहून द्यावेत. दोन, वर्षातून दोनदा तरी सफाईला जावं. आपल्या कचऱ्याच्या नव्हे, जिथे गरज आहे तिथे. क्वीन्सच्या मंडळींबरोबर गेलो तर आपल्यालाच शिकायला मिळेल. तीन, उद्यानं आपल्या योजना जाहीर करून लोकांची मतं मागवतात. तिथे फक्त पार्किंगबद्दल लिहू नये. रेंजर किती आहेत, कॅमेरे आहेत का, इथल्या मूळ लोकांना निर्णयात जागा आहे का, हेही विचारावं. चार, आपल्या खासदाराला लिहिताना पगारी रेंजर मागावेत, दोन्ही प्रकारचे. स्वयंसेवक हवेतच, पण आपण झाडू घेतला म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही.

राखणदाराचं पिस्तूल कधीच काढावं लागू नये, अशी इच्छा त्या रेंजरचीही असते. ते बऱ्याच अंशी त्याच्या शेजारी कोण उभं आहे यावर ठरतं. ती जागा रिकामी असेल तर आपण तिथे उभं राहायला काय हरकत आहे?

इथे थांबते. प्रश्न जरूर विचारा, आणि सफाईसाठी नावं देणाऱ्यांचा कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे.